सापडलेल्या मांजराचा मालक शोधायचा कसा?

निशिगंध
आमच्या सोसायटीत (कर्वेनगर, पुणे) या आठवड्यात एक मांजर आलंय. पांढरी, पाठीवर दोन करडे ठिपके, शेपूट झुपकेदार. रस्त्यावरची वाटत नाही. हात लावला की लगेच पाठ वर करते, आणि दार उघडलं की सरळ आत येऊन डायनिंगच्या खुर्चीवर बसते. गळ्यात पट्टा नाही, पण मानेभोवतीचे केस दबलेले आहेत, कालपरवापर्यंत पट्टा असावा असे.

दिवसभर जिन्यात, पार्किंगमध्ये, आमच्याकडे, कुठेही असते. संध्याकाळी मात्र तिसऱ्या मजल्यावर जाऊन ओरडत बसते. आम्ही राहतो पहिल्यावर. वॉचमनकाका म्हणतात, "येतात तशी जातात, लक्ष देऊ नका." सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एक अंगठा आला आणि "पार्किंगमध्ये घाण कोण काढणार" यावर चाळीस मेसेज.

नवरा म्हणतो ठेवून घेऊ. पण कुणाच्या घरी शोधाशोध चालू असेल तर? मालक शोधायचा तर सुरुवात कुठून करू? मांजरांचा मला काहीच अनुभव नाही, लहानपणी आमच्याकडे फक्त कासव होतं.

चिंगी
फोटो टाका आधी. मांजराच्या धाग्यावर फोटो नाही म्हणजे काय!

उद्धट_पुणेकर
न विचारता आत येऊन खुर्चीवर बसली म्हणजे पुण्याबाहेरची आहे. इथली असती तर दाराबाहेरच्या पाट्या वाचून परत गेली असती.

वैशाली_ताई
आमच्याकडे असंच एक आलं होतं, ते गेलंच नाही. नऊ वर्षं झाली. शुभेच्छा.

बोकोबा
निशिगंध, शहरभरच्या ग्रुपांवर फोटो टाकत बसण्याआधी चपला घाला आणि खाली उतरा. हरवलेल्या मांजरांवर २०१८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती, बाराशेहून जास्त मांजरांची. त्यात सापडलेल्यांपैकी सुमारे पाऊण हिस्सा मांजरं जिथून निसटली त्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती. तुमच्याकडे आलेलीचं घरही बहुधा तेवढ्याच अंतरात असणार. ५०० मीटर म्हणजे तुमच्या गल्ल्यांत चारदोन सोसायट्या आणि एक बंगल्यांची रांग.

आता विचारायचं कुणाला? चेअरमनला नाही. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. यांना कुणाच्या ग्रिलमध्ये मांजर बसतं ते तोंडपाठ असतं. आमच्याकडे दोनदा इस्त्रीवाल्यानेच लावून दिलंय. एकदा तर तो फोटो बघून म्हणाला, "हा बोका सी विंगच्या मॅडमचा, त्यांच्या साड्यांवर याचेच केस असतात."

दुसरं, कागदी पट्टा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, त्यावर "ही तुमची आहे का? फोन करा" आणि नंबर लिहा. मानेभोवती सैल गुंडाळून टोकांना थोडा चिकटपट्टीचा तुकडा लावा. कुठे अडकली तर कागद फाटला पाहिजे, म्हणून दोरा, रबरबँड अजिबात नको. मग सोडा तिला. ती रोज जेवायला घरी जात असेल तर पट्टीच निरोप पोचवेल. दोन दिवसांत फोन आला नाही आणि पट्टी तशीच असली, तर ती खरंच हरवलेली आहे असं धरा आणि मग आत घ्या.

तिसरं आणि महत्त्वाचं. फोटो टाकाल तेव्हा तिची एक खूण लपवून ठेवा. पंजा, पोट, शेपटीचं टोक, काहीही. "माझीच आहे" म्हणणारे येतील, त्यांना ती खूण विचारायची.

चिंगी
बोकोबा, साड्यांचा किस्सा _/\_

गावाकडचा_पशुवैद्य
वर बोकोबांनी बरंच सांगितलंय. मी वैद्यकीय बाजूचं लिहितो.

जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप आहे का बघा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली. वरून स्कॅनर फिरवला की १५ आकडी नंबर दिसतो. आपल्याकडे फार थोड्या मांजरांना असते, परदेशातून आलेली किंवा परदेशी न्यायची असलेली. सगळ्यांकडे स्कॅनरही नसतो, आधी फोन करून विचारा.

डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं आहे का बघा. असेल तर ते कुणी तरी पकडून, नसबंदी करून परत सोडलेलं वस्तीतलं मांजर. मग मालक शोधण्यात अर्थ नाही, खायला घालणारा शोधा.

दूध देऊ नका. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना ते पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन किंवा मासा, मीठमसाला न घालता, आणि पाणी. कांदा-लसूण घातलेलं काही नको. आणि मरगळलेली वाटली तर आपल्या मनाने तापाची गोळी मुळीच नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिनचे थेंबही तसेच घातक.

ओरखडा आला किंवा चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. "घरातलीच दिसते" म्हणून टाळू नका. रेबीज मांजरांनाही होतो.

शिल्पा_ठाणे
वेगळं मत मांडते. मालक का शोधायचा? झुपकेदार शेपटीची पांढरी मांजरं हल्ली रस्त्यावर का दिसतात याचा विचार करा. हौसेने हजारो रुपये देऊन पर्शियन आणायची, केस गळायला लागले, बाळ होणार म्हणून सासरच्यांनी कटकट केली, की दुसऱ्या सोसायटीच्या गेटजवळ ठेवून पसार. आमच्या इथे मी अशी तीन सांभाळते आहे. एकीच्या पोटाखालच्या केसांचा असा नमदा झाला होता की तिला पाय ताणता येत नव्हता, सगळे भादरावे लागले. अशा "मालकाला" शोधून परत द्यायची? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे. नवरा ठेवून घेऊ म्हणतोय तर ठेवा ना.

बोकोबा
शिल्पाताई, तुमचा अनुभव खोटा नाही. पण टाकलेलं मांजर आणि हरवलेलं मांजर आठवड्याभराने सारखंच दिसतं. मळकं, भुकेलं, माणसाला चिकटणारं. बघून निकाल लावायला आपण कोण? आधी शोधा, टाकून दिलेली निघाली तर ठेवून घ्यायला कुणाची ना आहे?

शिल्पा_ठाणे
निकाल नाही लावत, सावध करतेय. पट्टा काढून घेऊन सोडतात लोक. मानेवर खूण आहे आणि पट्टा नाही, यावर कुणीच काही बोललं नाही.

गावाकडचा_पशुवैद्य
पट्टा निसटूही शकतो. मांजरांच्या चांगल्या पट्ट्याचं बक्कल ओढ बसली की सुटतंच, ते तसंच केलेलं असतं. नाहीतर ग्रिलला अडकून फास बसतो.

नाना_रेवदंडा
या परत करण्याच्या गोष्टीवरून आठवलं. आमच्या गावी सुकटीच्या डब्याला तोंड लावणारं मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायची पद्धत होती. आमच्या एका बोक्याला काकांनी असंच सायकलवरून नेलं. आजीने बजावून सांगितलं होतं, सोडायच्या आधी पोतं गरागरा फिरव, म्हणजे त्याला दिशा कळत नाही. काकांनी फिरवलं. बोका काकांच्या आधी घरी! काका वाटेत मित्राकडे पत्ते खेळायला थांबले होते ही गोष्ट वेगळी.

मारायची मात्र कुणाची छाती नव्हती. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं म्हणत. तेवढं सोनं असतं तर सुकटीवरून भांडलो असतो का!

उद्धट_पुणेकर
नाना, तुमचा बोका बहुतेक सायकलच्या कॅरिअरवरच परत आला असेल.

सायन_कोळीवाडा
मुंबईत असतात तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवा म्हटलं असतं. आमच्या तीन पिढ्यांची मांजरं तिथे जाऊन आली. केसपेपर काढताना माझ्या आजोबांनी मांजराचं आडनावही सांगितलं होतं, आमचंच.

निशिगंध
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. फोटो खाली डकवलाय. (बोकोबा, एक खूण लपवली आहे, विचारू नका.)

काल डॉक्टरांकडे नेऊन आणली. चिप नाही. दोन्ही कान पूर्ण आहेत. पण डॉक्टरांनी पोटावरचे केस स्पिरिटच्या बोळ्याने बाजूला करून दाखवले, तिथे टाक्यांची जुनी बारीक रेघ आहे. म्हणजे ऑपरेशन झालंय. ते म्हणाले, वस्तीतली असती तर कानाला खूण केली असती, हिचं कुणीतरी घरून नेऊन केलेलं दिसतं. वय तीन ते चार. वजन कमी आहे, बाकी ठीक.

कागदी पट्टी दोन दिवस होती, फोन नाही. परत आली तेव्हा पट्टीवर सांबार सांडलेलं होतं. कुठलं ते कळलं नाही, आमच्याकडे तर पोहे होते.

इस्त्रीवाले म्हणाले ओळखीची वाटते, पण नक्की सांगता येत नाही. कचरावाल्या ताई सुट्टीवर आहेत.

आणि दोन फोन येऊन गेले. एकाने फोटोत दिसतं तेवढंच सगळं सांगितलं. लपवलेली खूण विचारली तर फोन कट. दुसरा म्हणाला, मांजर माझीच आहे, पण मी लांब आहे, रिक्षासाठी आधी पाचशे रुपये यूपीआयने पाठवा, मग येतो. मी नवऱ्याकडे फोन दिला, तो वीस मिनिटं त्याच्याशी मांजर काय खाते यावर बोलत बसला. त्या माणसानेच शेवटी ठेवला.

चिंगी
किती गोड आहे!! मालक नाही सापडला तर माझा नंबर लावून ठेवा.

मेधा_लेस्टर
इकडची गोष्ट सांगते, तुलना म्हणून. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजर २० आठवड्यांचं व्हायच्या आत चिप बसवणं सक्तीचं आहे, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड. त्यामुळे मांजर सापडलं की लोक पहिल्यांदा दवाखान्यात नेऊन स्कॅन करून घेतात, बहुतेक ठिकाणी पैसेही घेत नाहीत.

पण चिपमुळे सगळं सुटतं असं समजू नका. चिपमध्ये ना नाव असतं ना पत्ता, नुसता नंबर. नाव-फोन असतो तो नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, आणि लोक घर बदलतात, फोन बदलतात, तिथे कळवत नाहीत. आमच्या गल्लीत सापडलेल्या बोक्याची चिप व्यवस्थित होती, फोन लावला तर दुसऱ्याच गावातली बाई म्हणाली की मी तो दोन वर्षांपूर्वी बहिणीला दिला. बहीण आमच्याच मागच्या गल्लीत निघाली. आणि चिप म्हणजे जीपीएस नव्हे. मांजर नकाशावर दिसत नाही, माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.

अवांतर: इथे गाडीखाली कुत्रा आला तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, १९८८ च्या वाहतूक कायद्यात घोडा, गाढव, डुकरासकट यादी आहे. मांजर नाही. मांजरवाले त्यावरून कायम चिडलेले असतात.

उद्धट_पुणेकर
गाढव आहे आणि मांजर नाही? यादी करताना समितीत कोण होतं ते कळलं.

कोथरूडचा_आजोबा
पुण्यातही २०२२ साली महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणी काढली होती. आमच्या कट्ट्यावर त्यावर दोन दिवस चर्चा झाली. सर्वांना मान्य. नोंदणी करून आला एकच, आणि त्याच्याकडे मांजर नाही, पोपट आहे, चौकशीला गेला होता. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, तसलाच प्रकार.

निमूट
बरेच दिवस नुसती वाचत होते. एक विचारू? मूळ धाग्यात लिहिलंय की संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन ओरडते. खायला पहिल्यावर मिळतं, झोपायला पहिल्यावर, मग तिसऱ्यावर काय आहे? कुठल्या दारासमोर बसते? त्या घरात आता कोण राहतं, आणि आधी कोण राहायचं?

बोकोबा
निमूट, बरोबर! घर बदललं की मांजरं जुन्या घरी परत येतात. माणसं सामान हलवतात, मांजराचा जीव जागेत असतो. आणि ओरडायची वेळ संध्याकाळची, म्हणजे मालक कामावरून यायची वेळ असणार. निशिगंध, कृपया बघून या.

वैशाली_ताई
अंगावर काटा आला. लवकर कळवा.

नाना_रेवदंडा
म्हणजे आमच्या बोक्यासारखंच. कुणी पोतं फिरवायला विसरलं.

निशिगंध
कळवते. ३०२ समोर बसते, पायपुसण्याच्या जागेवर. पायपुसणं नाहीये आता. फ्लॅट बंद आहे, भाडेकरू गेल्या महिन्यात सोडून गेले. आम्ही या सोसायटीत जूनमध्ये आलो, त्यांना मी लिफ्टमध्ये एकदा पाहिलं असेल, मांजर असल्याचं माहीतच नव्हतं. वॉचमनकाकाही नवीन, या महिन्यातले.

फ्लॅटचे मालक अमेरिकेत असतात. एजंट फोन उचलेना. शेवटी ३०१ च्या आजींकडे गेले, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मांजर बघून म्हणाल्या, "अगं ही तर आमची पमी!" आणि वहीतून नंबर काढून दिला.

फोन केला. मी काही बोलायच्या आत पलीकडची मुलगी रडायलाच लागली. ती आणि तिचा भाऊ, दोघंच राहतात, डहाणूकर कॉलनीत गेलेत. शिफ्टिंगनंतर चौथ्या दिवशी गवंडीकामासाठी दार उघडं राहिलं आणि पमी गेली. ते तिथेच शोधत होते, तिथल्या झाडांवर पोस्टर लावलेत. इकडे येईल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, वाहत्या रस्त्यांमधून एवढ्या लांब कशी येईल म्हणून.

तरी मी खूण विचारली. डाव्या मागच्या पंजाची एकच गादी गुलाबी आहे, बाकी सगळ्या काळ्या. मुलगी म्हणाली, "मागचा पाय ना? डावा? तिथे आम्ही तिला 'बाळाचं बोट' म्हणतो." शिवाय ऑपरेशनची फाइल आणि ती पिल्लू असतानाचे फोटो पाठवले. संध्याकाळी दोघं टोपली घेऊन आली आणि घेऊन गेली. तिच्या सरांनी अर्धा दिवस सुट्टी दिली म्हणे, कारण सरांकडे चार आहेत.

चिंगी
बाळाचं बोट!! मी नाही रडत, तुम्ही रडताय.

बोकोबा
निमूट, एक चहा माझ्याकडून. आणि ५०० मीटरचं गणित इथे चाललं नाही, हेही नोंदवून ठेवतो. अर्थात पमीच्या हिशेबाने ती घरीच होती, हरवलेले ते दोघं.

शिल्पा_ठाणे
आनंद आहे, खरंच. तरी विचारते, नवीन घरात दार उघडं राहतं कसं? घर बदललेलं मांजर आठवडाभरात मोकळं सोडायचं नसतं हे पाळणाऱ्याला माहीत नको? परत पळाली तर?

गावाकडचा_पशुवैद्य
शिल्पाताईंचा मुद्दा रास्त आहे, फक्त तो आता त्यांना रागावण्यापेक्षा सांगण्याचा आहे. निशिगंध, त्यांना कळवा: निदान तीन-चार आठवडे पूर्ण घरात. पहिले काही दिवस एकाच खोलीत, तिची जुनी चादर न धुता तिथे ठेवायची, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आणि पाणी त्याच खोलीत. खाणं ठरल्या वेळी, म्हणजे घड्याळ नव्या घराशी जुळतं. खिडक्यांना जाळी. गवंडी, प्लंबर येणार असेल तर तिला न्हाणीघरात कोंडून दारावर कागद लावायचा. चिप बसवून घेतली तर उत्तम, आणि सुटणाऱ्या बक्कलाचा पट्टा, फोन नंबरसकट.

निशिगंध
पाठवलं सगळं. त्यांनी खिडक्यांच्या जाळीचं माप आजच दिलंय. पट्ट्याचंही विचारलं, तो ग्रिलला अडकून सुटला होता, त्यांच्याकडेच आहे. डॉक्टरांचे पैसे त्यांनी द्यायचे म्हणून हट्ट धरला, मी अर्धे घेतले. नवऱ्याचं तोंड उतरलंय. तो काल रात्री उगीचच जिन्यात चक्कर मारून आला, वर "दिवा चालू राहिला होता" असं सांगितलं.

वैशाली_ताई
त्याला आमच्याकडे पाठवा. मागच्या आठवड्यात पार्किंगमध्ये चार पिल्लं झालीत, आई सात घरं फिरवून आता आमच्या स्कूटरच्या डिकीशेजारी घेऊन आलीय. दोन महिन्यांनी द्यायची आहेत.

उद्धट_पुणेकर
धागाकर्तीच्या नवऱ्याने लगेच सदस्यत्व घ्यावे.

सातपूरकर
धाग्याचा शेवट गोड झाला, पण माझा अजून व्हायचाय. नाशिक, सातपूर. आमचा बोका परवा रात्रीपासून नाही. पिवळा पट्टेरी, कधी घराबाहेर जात नाही, फटाक्यांना घाबरून बाल्कनीतून उडी मारली. पहिला मजला. दिवसभर हाका मारत फिरतोय, उत्तर नाही. कुणी काही सुचवेल का?

बोकोबा
घरातलाच बोका असेल तर लांब गेलेला नाही, घाबरून दडलेला आहे. बाल्कनीच्या बरोबर खालून सुरुवात करा. दिवसा हाका मारून तो बाहेर येणार नाही, आवाजाला उत्तरही देणार नाही. रात्री एक-दोनच्या सुमाराला, रहदारी थांबल्यावर, टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून गाड्यांच्या खाली, पाण्याच्या टाकीमागे, मीटरच्या खोलीत, कुंड्यांच्या मागे मारा. डोळे चमकतात, तेच शोधायचे. तळमजल्यावरच्यांना गॅरेज, कोठी उघडून दाखवायला सांगा, चुकून कोंडला गेला असेल. दिसला तर धावू नका, जमिनीवर बसा आणि रोजच्या डब्याचा आवाज करा.

फोटो इथे टाका. आणि एक खूण ठेवून घ्या.